अन्नसाहाय्य, आंतरराष्ट्रीय

एखाद्या देशातील शिलकी अन्नधान्य दुसऱ्या देशातील गरजू लोकांना विनामूल्य अथवा सवलतीच्या अटींवर पुरविण्याच्या व्यवस्थेस आंतरराष्ट्रीय अन्नसाहाय्य असे म्हणतात. आपत्तीच्या वेळी तात्पुरती मदत, दीर्घकाळ चालणारे पोषण-कार्यक्रम आणि राज्यकर्त्यांनी आपल्या धोरणाचा भाग म्हणून केलेली सवलतीची विक्री असे तिन्ही प्रकार या संज्ञेत येतात. जगात काही भागांत धान्याची कोठारे भरून वाहत असताना अन्यत्र लोक उपाशी राहतात, ही विसंगती दानाने दूर करता येईल, या विश्वासातून ही व्यवस्था उभी राहिली. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जगातील तृणधान्यांचे वार्षिक उत्पादन सु. २८० कोटी टनांवर गेले असून लोकसंख्या ८०० कोटींहून अधिक आहे. म्हणजे माणशी दररोज एक किलोग्रॅमच्या जवळपास धान्य पिकते. त्यातील मोठा भाग जनावरांच्या खाद्याकडे व इंधननिर्मितीकडे वळतो. तरीही उपासमारीचे कारण केवळ धान्याची टंचाई हे नव्हे, एवढे या हिशेबावरून स्पष्ट होते. अन्नसाहाय्याचा सु. दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास धान्य असणे, ते देण्याची इच्छा असणे आणि ते भुकेलेल्याच्या हाती पडणे या तीन वेगळ्या गोष्टी असल्याचे दिसून येते.

भुकेलेल्यास अन्न देणे हे बहुतेक सर्व धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे. मंदिरांची अन्नछत्रे, शीख गुरुद्वारांतील लंगर, इस्लाममधील जकात व ख्रिस्ती मठांतील अन्नवाटप या संस्था त्यातूनच निर्माण झाल्या. राज्याच्या कर्तव्याचा विचारही जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्भिक्षाच्या वेळी राजाने बी-बियाणे व अन्न द्यावे, तटबंदी व बंधाऱ्यांची कामे काढून त्यांवर लोकांना पोसावे, साठे वाटून द्यावेत आणि गरज पडल्यास मित्रराजांचा आश्रय घ्यावा, असे उपाय सांगितले आहेत. यांतील अखेरचा उपाय हा परराष्ट्राच्या मदतीचा फार जुना उल्लेख म्हणता येईल. महाराष्ट्रात पंधराव्या शतकातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वपरिचित आहे. बीदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार त्यांनी दुष्काळात लोकांना मोकळे केले, अशी परंपरा सांगते. कथेचा चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी धान्य कोणाच्या मालकीचे आणि ते वाटण्याचा अधिकार कोणाचा, हा तिचा गाभा पुढील काळातही कायम राहिला.

समुद्रापलीकडे मोठ्या प्रमाणावर धान्य पाठविणे हे मात्र एकोणिसाव्या शतकातच शक्य झाले. मार्च १८१२ मध्ये व्हेनेझुएलात भूकंप होऊन काराकास शहर उद्‌ध्वस्त झाले, तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने पीठ वगैरे पाठविण्यासाठी ५०,००० डॉलर मंजूर केले. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ ओढवला व त्यात सु. १० लाख लोक मृत्युमुखी पडले. मार्च १८४७ मध्ये ‘जेम्सटाउन’ ही अमेरिकन युद्धनौका सु. ८०० टन अन्नसामग्री घेऊन बॉस्टनहून कॉर्कला गेली. क्वेकर पंथीयांनी सूपगृहे उघडली. अमेरिकेतील चॉक्टॉ या आदिवासी जमातीने सु. १७० डॉलर वर्गणी पाठविली. ही जमात स्वतःच काही वर्षांपूर्वी आपल्या भूमीतून हुसकावली गेली होती, म्हणून आयरिश लोक आजही या दानाचे स्मरण ठेवतात. ब्रिटिश सरकारच्या सूपगृहांतून १८४७ च्या उन्हाळ्यात दररोज सु. ३० लाख लोकांना अन्न मिळत होते. परंतु खुल्या व्यापारावरील श्रद्धेपोटी सरकारने ती त्याच वर्षी बंद केली आणि आयर्लंडमधून धान्य व जनावरे यांची निर्यातही चालूच राहिली. मदतीची जहाजे आत येत असताना निर्यातीची जहाजे बाहेर जात होती. हिंदुस्थानातील १८७६–७८ च्या दुष्काळातही धान्याची निर्यात थांबली नाही. पुढे १९०० साली न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती नियतकालिकाने वर्गणीतून जमविलेला मका ‘किटो’ जहाजाने मुंबईस पाठविला.

या वैयक्तिक दातृत्वाचे रूपांतर प्रचंड यंत्रणेत करण्याचे श्रेय हर्बर्ट हूव्हर (१८७४–१९६४) या अमेरिकन खाण-अभियंत्याकडे जाते. पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापले आणि ब्रिटनने सागरी नाकेबंदी केली. धान्याच्या आयातीवर जगणारा हा देश त्यामुळे दोन्हीकडून कोंडला गेला. ऑक्टोबर १९१४ मध्ये हूव्हरने स्थापन केलेल्या आयोगाने बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील ९० लाखांहून अधिक लोकांना युद्धकाळात अन्न पुरविले. दोन्ही युद्धमान पक्षांकडून जहाजांना अभय मिळविणे, जर्मन सैन्य धान्य जप्त करणार नाही याची हमी घेणे आणि प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवणे हे या कामाचे खरे स्वरूप होते. लोकांच्या वर्गण्यांचा गाजावाजा मोठा असला, तरी खर्चाचा बहुतांश भाग ब्रिटिश, फ्रेंच व अमेरिकन सरकारांच्या अनुदानांतून व कर्जांतून भागला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

याच हूव्हरच्या हाताखालील ‘अमेरिकन मदत प्रशासन’ या संस्थेने १९२१–२३ मध्ये सोव्हिएट रशियात केलेले कार्य अन्नसाहाय्याच्या इतिहासात अनेक दृष्टींनी उद्‌बोधक आहे. महायुद्ध, यादवी युद्ध आणि शेतकऱ्यांकडून सक्तीने होणारी धान्यवसुली यांनी आधीच खिळखिळ्या झालेल्या व्होल्गा नदीच्या खोऱ्यात १९२१ मध्ये अवर्षण पडले. जुलै १९२१ मध्ये मॅक्झिम गॉर्की याने जगाला मदतीचे आवाहन केले. हूव्हर कट्टर साम्यवादविरोधक होता आणि लेनिनच्या सरकारला अमेरिकेची मान्यताही नव्हती. तरीही २० ऑगस्ट १९२१ रोजी रीगा येथे करार झाला. अमेरिकन कैद्यांची सुटका व्हावी आणि वाटपाचे काम सरकारी हस्तक्षेपाविना चालावे, अशा अटी अमेरिकेने घातल्या. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मका व बियाणे यांसाठी २ कोटी डॉलर मंजूर केले. या औदार्यामागे आणखी एक कारण होते. महायुद्ध संपताच अमेरिकेतील धान्याचे भाव कोसळले होते आणि मध्य-पश्चिमेकडील शेतकरी कोळशाऐवजी मका चुलीत जाळीत होते. दान आणि भाव सावरणे या दोन्ही गोष्टी एकाच ठरावाने साधल्या.

रशियात पोहोचलेल्या मक्याचा पुढील प्रवास सोपा नव्हता. मोडकळीस आलेल्या रेल्वेमार्गांवर १९२२ च्या वसंत ऋतूत धान्याच्या गाड्या आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या. मुलांसाठीच्या अन्नगृहांत पांढरा पाव, तांदूळ, घेवडा, कोको व दूध मिळे. प्रौढांना मका वाटला जाई, पण तो शिजवायचा कसा हे अनेक गावांना ठाऊक नव्हते. सु. ३०० अमेरिकन आणि त्यांच्या हाताखाली सव्वा लाखाच्या आसपास रशियन कर्मचारी असा हा पसारा होता. ऑगस्ट १९२२ मध्ये दररोज १ कोटीहून अधिक लोक या संस्थेच्या अन्नावर जगत होते. एवढे होऊनही या दुष्काळाने सु. ५० लाख बळी घेतले, कारण मदत पोहोचण्यापूर्वीच पहिला हिवाळा येऊन ठेपला होता. नॉर्वेचा धाडसी समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन याने सप्टेंबर १९२१ मध्ये राष्ट्रसंघापुढे सरकारी कर्जासाठी कळकळीने याचना केली होती; ती सदस्य राष्ट्रांनी मान्य केली नाही. पुढे १९२२ च्या शरदात, उपासमार पूर्णपणे संपण्याआधीच, सोव्हिएट सरकारने परकीय चलनासाठी धान्याची निर्यात पुन्हा सुरू केली. तेव्हा अमेरिकन जनतेचा उत्साह ओसरला व १९२३ च्या उन्हाळ्यात संस्थेने रशिया सोडला.

विपुलता व भूक यांचे सहअस्तित्व १९३० नंतरच्या जागतिक मंदीत अधिकच उग्रपणे जाणवू लागले. ब्राझीलमध्ये कॉफी जाळली गेली; अमेरिकेत १९३३ मध्ये भाव सावरण्यासाठी सु. ६० लाख डुकरांची पिले मारण्यात आली, आणि लोकक्षोभ झाल्यावर शिलकी माल बेकारांना वाटण्यासाठी स्वतंत्र निगम स्थापन करावा लागला. याच सुमारास स्कॉटलंडमधील पोषणशास्त्रज्ञ जॉन बॉइड ऑर (१८८०–१९७१) यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाहणीत ब्रिटनसारख्या संपन्न देशातही लोकसंख्येच्या मोठ्या भागाला उत्पन्नाच्या अभावी पुरेसा आहार मिळत नाही, असे दाखवून दिले. अन्नाचा प्रश्न हा उत्पन्नाचा प्रश्न आहे, हा विचार येथे आकड्यांनिशी मांडला गेला. १९४३ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे ४४ राष्ट्रांची अन्न परिषद भरली आणि अभावापासून मुक्ती हे तिने ध्येय मानले. त्याच वर्षी बंगालमध्ये सु. ३० लाख माणसे दुष्काळाने मेली. धान्य आणण्यासाठी मागितलेली पुरेशी जहाजे ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने दिली नाहीत.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक येथे स्थापन झाली व बॉइड ऑर तिचे पहिले महासंचालक झाले. १९४६ मध्ये कोपनहेगन येथील अधिवेशनात त्यांनी ‘जागतिक अन्न मंडळा’ची योजना मांडली. विपुलतेच्या वर्षी धान्य खरेदी करून त्याचे राखीव साठे करावेत, टंचाईत ते बाहेर काढून भाव स्थिर ठेवावेत, आणि उरलेला माल गरजू देशांना सवलतीने द्यावा, असे तिचे स्वरूप होते. उत्पादकाला भाव आणि भुकेल्याला अन्न या दोन्ही गोष्टी एकाच आंतरराष्ट्रीय अधिकाराखाली आणण्याचा हा आजवरचा सर्वांत धाडसी प्रस्ताव होय. अमेरिका व ब्रिटन यांनी तो स्वीकारला नाही. आपल्या धान्यावर व व्यापारावर परक्या मंडळाचे नियंत्रण अमेरिकेला नको होते. स्वस्त आयातीवर अवलंबून असलेल्या ब्रिटनला भाव वाढण्याची धास्ती होती. बॉइड ऑर यांनी १९४८ मध्ये पद सोडले. पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्यांची योजना मात्र कागदावरच राहिली. त्यानंतर अन्नसाहाय्याची सूत्रे देणाऱ्या राष्ट्रांच्या हाती राहिली व त्यांच्या गरजांनुसार ते वाढत अथवा घटत गेले.

पी. एल. ४८० आणि भारत : स्वातंत्र्य व फाळणी यांनंतर भारताला अन्नधान्याची तीव्र टंचाई जाणवू लागली. १९५० च्या अखेरीस भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. कोरियन युद्धातील भारताच्या तटस्थ भूमिकेमुळे अमेरिकन काँग्रेसमध्ये ही मागणी कित्येक महिने रेंगाळली आणि जून १९५१ मध्ये दान म्हणून नव्हे, तर १९ कोटी डॉलरांचे कर्ज म्हणून ती मंजूर झाली. या कर्जाच्या व्याजाचा काही भाग भारतीय ग्रंथालये व विद्यापीठे यांना अमेरिकन पुस्तके व उपकरणे पुरविण्यासाठी राखून ठेवण्यात आला.

कोरियन युद्ध संपल्यावर अमेरिकेत पुन्हा धान्याचे डोंगर साठले. सरकारने हमी भावाने घेतलेला गहू साठविण्यासाठी जागाही अपुरी पडू लागली. १० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी स्वाक्षरी केलेला ‘सार्वजनिक कायदा क्र. ४८०’ ही या अडचणीतून काढलेली वाट होती. शिलकी शेतमालाची विल्हेवाट, नव्या बाजारपेठांची निर्मिती आणि परराष्ट्र धोरणाला पाठबळ ही त्याची घोषित उद्दिष्टे होती. भुकेलेल्यांना मदत हे त्यांपैकी एक होते, एकमेव नव्हे. त्यातील पहिल्या प्रकरणाखाली आयात करणारा देश आपल्याच चलनात किंमत चुकती करू शकत असे. परकीय चलनाच्या चणचणीत सापडलेल्या भारताला ही सोय मोठीच वाटली. पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. ४ मे १९६० रोजी केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील व आयझनहौअर यांनी वॉशिंग्टन येथे चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ पुरविण्याच्या करारावर सह्या केल्या. १९५६ ते १९७१ या काळात भारताला या कायद्याखाली ५ कोटी टनांहून अधिक धान्य मिळाले.

या धान्याने शहरांतील शिधावाटप दुकाने चालली, भाव आवाक्यात राहिले आणि औद्योगिकीकरणावर भर देणाऱ्या दुसऱ्या व तिसऱ्या पंचवार्षिक योजनांना उसंत मिळाली, याविषयी दुमत नाही. परंतु त्याची किंमत काय पडली, हा वादाचा विषय ठरला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये असे प्रतिपादन केले, की स्वस्त परदेशी धान्यामुळे घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव पडतात, शेतकऱ्याची उत्पादनवाढीची ईर्षा मंदावते आणि सरकारही शेतीकडे दुर्लक्ष करू शकते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील नीलकंठ रथ व व. श. पटवर्धन यांनी या साहाय्याच्या भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणामांचा स्वतंत्र अभ्यास केला (१९६७). धान्याच्या मोबदल्यात भारतात अमेरिकेच्या खात्यावर साचत गेलेला रुपयांचा निधी हीही एक वेगळीच डोकेदुखी होऊन बसली. त्याचा बराचसा भाग विकासकार्यासाठी कर्ज व अनुदान म्हणून परत मिळे. तरी उरलेली रक्कम फुगतच गेली. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये झालेल्या करारान्वये अमेरिकेने १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन त्या रकमेवरील हक्क सोडला. याच निधीतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांसाठी खरेदी केली जात. शिकागोसारख्या विद्यापीठांतील मराठी ग्रंथसंग्रह पुष्कळ अंशी गव्हाच्या पैशावर उभे राहिले, ही या व्यवहाराची एक अनपेक्षित निष्पत्ती होय. महाराष्ट्रभर फोफावलेले गाजरगवत (काँग्रेस गवत) याच गव्हाबरोबर आले, अशीही समजूत रूढ आहे. मात्र पुण्यातील त्याच्या आढळाची नोंद १९५६ मध्ये, म्हणजे पहिला करार झाला त्याच सुमारास झाली असल्याने ही समजूत निर्विवाद मानता येत नाही.

या अवलंबित्वातील धोका १९६५–६७ मध्ये उघड झाला. १९६४–६५ मध्ये सु. ८.९ कोटी टन असलेले भारताचे अन्नधान्य उत्पादन अवर्षणामुळे पुढील वर्षी सु. ७.२ कोटी टनांवर घसरले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले व असंख्य घरांतून सोमवारची चूल रात्री बंद राहू लागली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून थोड्या थोड्या महिन्यांपुरतेच धान्य सोडण्याचे धोरण अवलंबिले. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे, हा त्यामागील एक हेतू होता. व्हिएटनाम युद्धावरील भारताची टीका हे दुसरे कारण होते. बंदरात जहाज लागले, की गहू गोदामात न जाता थेट दुकानांकडे रवाना होई. १९६६ मध्ये १ कोटी टनांच्या आसपास धान्य आयात झाले. बिहारमधील १९६६–६७ च्या दुष्काळात हे धान्य, जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीचे कार्य आणि शाळांतून मुलांना मिळणारे अन्न यांमुळे फार मोठी मनुष्यहानी टळली. मात्र प्रत्येक जहाजासाठी वाट पाहण्याची मानहानी राज्यकर्त्यांच्या मनात खोल रुतली. सी. सुब्रह्मण्यम् यांनी पुरस्कारिलेले संकरित व बुटक्या वाणांचे बियाणे, खते व हमी भाव यांचे धोरण वेगाने अंमलात आले. १९६८ मध्ये गव्हाचे उत्पादन १.६ कोटी टनांपलीकडे गेले आणि १९७१ च्या अखेरीस भारताने सवलतीची धान्य आयात थांबविली.

आंतरराष्ट्रीय मोहिमा : अन्न व शेती संघटनेचे महासंचालक बिनय रंजन सेन (१८९८–१९९३) यांनी १९६० मध्ये ‘भूकमुक्ती मोहीम’ सुरू केली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळकाळात मदतकार्याची जबाबदारी सांभाळलेल्या या अधिकाऱ्याने उपासमार प्रत्यक्ष पाहिलेली होती. केवळ धान्य न पाठविता लोकवर्गणीतून विहिरी, बियाणे व शेतीशिक्षण यांवर खर्च करण्याचा या मोहिमेचा भर होता. १९६१ मध्ये अमेरिकेच्या ‘शांततेसाठी अन्न’ योजनेचे संचालक जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या सूचनेवरून जागतिक अन्न कार्यक्रम तीन वर्षांच्या प्रयोगासाठी मंजूर झाला आणि १९६५ मध्ये तो कायम करण्यात आला. अनेक राष्ट्रांचे दान एकत्र करून ते संयुक्त राष्ट्रांमार्फत वाटण्याची ही पहिली स्थायी व्यवस्था होय. तिला २०२० मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दानावर विसंबण्यातील मूलभूत वैगुण्य १९७२–७४ च्या संकटात दिसून आले. सोव्हिएट संघाने प्रचंड प्रमाणावर धान्य खरेदी केले, अनेक देशांत पिके बुडाली आणि गव्हाचे भाव दोन वर्षांत तिपटीच्या घरात गेले. धान्य महाग झाल्याबरोबर देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. धान्य स्वस्त असताना मदत भरपूर व महाग असताना तुटपुंजी, असा हा उफराटा क्रम आहे; कारण मदत शिलकेतून दिली जाते आणि शिल्लक टंचाईत उरत नाही. १९७४ मध्ये बांगला देशात पूर व दुष्काळ ओढवला असता, त्या देशाने क्यूबाला तागाची पोती विकली या कारणास्तव अमेरिकेने धान्यपुरवठा रोखून धरला. सरकारी आकड्यांनुसार या दुष्काळात सु. २६,००० माणसे मेली. इतर अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असे उद्दिष्ट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी तेथे जाहीर केले. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, इथिओपियातील दुष्काळाची चित्रे दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बंगाल, इथिओपिया, साहेल व बांगला देश येथील दुष्काळांचे विश्लेषण केले. बांगला देशात १९७४ मध्ये माणशी धान्याची उपलब्धता आसपासच्या वर्षांपेक्षा अधिक होती. पुरामुळे शेतमजुरांचा रोजगार बुडाला आणि धान्य विकत घेण्याची त्यांची ऐपत नाहीशी झाली, हे त्यांनी दाखविले. धान्य मिळविण्याचा हक्क गमावणे हे उपासमारीचे कारण असेल, तर बाहेरून आलेले धान्य हा उपायाचा केवळ एक भाग ठरतो.

या दृष्टीने महाराष्ट्रातील १९७०–७३ च्या दुष्काळाचा अनुभव महत्त्वाचा आहे. सलग तीन वर्षे पावसाने दगा दिल्याने ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले. परदेशातून आलेला मिलो दुकानांतून विकला गेला व सुकडीही वाटण्यात आली. मिलोच्या लाल भाकरीची चव त्या पिढीच्या स्मरणात राहिली आहे. परंतु माणसे जगली ती मुख्यतः मजुरीवर. मे १९७३ मध्ये पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी फोडणे व रस्ते यांच्या कामांवर ५० लाखांच्या आसपास मजूर होते. हातात मजुरी आल्याने लोक बाजारातून धान्य घेऊ शकले आणि व्यापारामार्फत ते टंचाईच्या भागांकडे वळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. येथे दात्याची मर्जी हा घटकच उरला नाही. काम मागणे हा नागरिकाचा अधिकार झाला. कामांचा दर्जा व मजुरीतील दिरंगाई यांविषयीच्या तक्रारी मात्र या योजनेस कायम चिकटून राहिल्या.

इथिओपियाच्या दुष्काळाने लोकदातृत्वाची अभूतपूर्व लाट उसळविली. १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच वेळी झालेल्या संगीत महोत्सवाने आणि त्याच्याशी निगडित मोहिमेने १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. हा पैसा व धान्य यांमुळे पुष्कळ जीव वाचले, यात संशय नाही. परंतु दुष्काळाचे केंद्र असलेल्या टिग्रे व वोलो प्रांतांत यादवी युद्ध चालू होते, आणि बंडखोरांच्या प्रदेशात अन्न जाऊ न देणे व लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलविणे ही लष्करी सरकारची नीती होती. वर्गणी देणाऱ्यांपुढे अवर्षणाचे चित्र ठेवले गेले. युद्धाचे फारसे नाही.

पुढील काळात साहाय्याचे स्वरूप पालटले. यूरोपीय संघाने १९९६ पासून आणि कॅनडाने २००८ पासून आपलाच माल पाठविण्याचे बंधन सोडले. धान्याऐवजी रोख रक्कम देऊन ते जवळच्या बाजारातून घेण्याची पद्धत वाढली. अमेरिकेने मात्र स्वदेशी धान्य व त्यातील ठराविक हिस्सा स्वदेशी जहाजांतून नेण्याची अट दीर्घकाळ टिकविल्याने तिच्या मदतीचा लक्षणीय भाग वाहतूक खर्चात जाई. संपन्न देशांतही दानाची नवी रूपे निघाली. ॲरिझोनातील फीनिक्स येथे १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी दुकानांतील टाकाऊ ठरलेले चांगले अन्न जमविणारी पहिली अन्नपेढी काढली. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून मोठ्या दुकानांना न विकलेले खाद्यपदार्थ नष्ट करण्यास मनाई केली व सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील घरे, खाणावळी व दुकाने यांतून सु. १०५ कोटी टन अन्न वाया गेले. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने लोकसंख्येच्या सु. दोन-तृतीयांश भागाला सवलतीच्या धान्याचा हक्क दिला. एके काळी गव्हाच्या जहाजाची वाट पाहणाऱ्या या देशाने २०२१ मध्ये अफगाणिस्तानसाठी ५०,००० टन गहू देऊ केला व त्याचे वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपविले.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये २०३० पर्यंत भूक संपविण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. २०२५ च्या त्यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सु. ६७ कोटी लोक, म्हणजे सु. ८.२ टक्के लोकसंख्या, भुकेलेली होती. त्याच वर्षी, १ जुलै २०२५ रोजी, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे मदतकार्य बंद झाले. जागतिक अन्न कार्यक्रमाचा सर्वांत मोठा दाता अमेरिकाच असल्याने अनेक देशांतील शिधा कमी करावा लागला. एकविसाव्या शतकात तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार दुष्काळ म्हणून घोषित झालेले प्रसंग थोडे आहेत. सोमालिया (२०११), दक्षिण सूदान (२०१७), सूदानमधील झमझम निर्वासित छावणी (२०२४) व गाझा (ऑगस्ट २०२५) हे त्यांपैकी होत. यांपैकी गाझाविषयीचा निष्कर्ष इस्राएल सरकारने अमान्य केला. या सर्व ठिकाणी युद्ध चालू होते. सूदान व गाझा येथे अन्नाने भरलेल्या मालमोटारी प्रवेशाच्या परवानगीसाठी बाहेर ताटकळत उभ्या होत्या.